मॉडेल रेल्वेच्या रुळांखाली काय घालायचं?

पहिलाच लेआउट (फळीवर मांडलेली छोटी रेल्वे) असेल तर सरळ कॉर्क घ्या. पट्टी मधोमध चिरलेली मिळते. दोन भाग वेगळे करायचे, रुळाच्या मध्यरेषेला टेकवून एकेक चिकटवायचे. वळणावर सहज वळतात आणि कडेचा उतार आयता मिळतो. एचओ मापाच्या गाड्यांसाठी साधारण ५ मिमी जाडी, त्याहून लहान एन स्केलला ३ मिमी पुरते. जुना कॉर्क कडक होऊन तुटत असेल तर थोडा वेळ पाण्यात भिजवा.

फोमची पट्टी मऊ असते, आवाज कमी करते, हे खरं. पण त्यावर खिळा जरा जास्त ठोकलात की स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) मधून दबतो आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बिघडतो. फोमवर रूळ चिकटवायचेच. शिवाय गंमत अशी, की खडी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने बसवली की ती दगडासारखी कडक होते, आणि तिच्यातून आवाज पुन्हा खालच्या फळीत उतरतो. म्हणजे शांततेसाठी मोजलेले पैसे बऱ्याच अंशी वाया! मी हे रात्री गाडी चालवून, घरच्यांची बोलणी खाऊन शिकलो.

होमासोट, म्हणजे दाबलेल्या कागदाचा बोर्ड, खिळे छान धरतो, पण कापताना धूळ भयंकर. हाताने रूळ बांधणार असाल तरच त्या वाटेला जा.

यार्डात, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागी, उंचवटा नकोच, तिथे सपाट शीट अंथरा. मेन लाइनवरून यार्डात उतरताना मात्र पायरी राहू देऊ नका. कॉर्क घासून हळूहळू उतार करा, नाहीतर डबे जोडणारे कपलर तिथेच सुटतील.