डोळे तपासायला गेल्यावर डॉक्टरांनी बीपी-शुगर का विचारली?

कारण डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट दिसतात. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की तिथल्या बारीक धमन्या अरुंद, कडक होतात. त्या शिरेला ओलांडतात तिथे शीर दबते, कधी तुंबून पडद्यावर रक्त पसरतं. शुगरमुळे केशवाहिन्या झिरपायला लागतात, तेही नजर ठणठणीत असताना! म्हणून नुसता चष्म्याचा नंबर काढून घरी येऊ नका. शुगर असेल तर वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासून घ्या. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही, त्यात सोलापूरचं ऊन. गाडी चालवायला कोणाला तरी सोबत न्या. एका डोळ्याची नजर न दुखता अचानक गेली, तर मात्र सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. तो पक्षाघाताच्याच जातीचा प्रकार असू शकतो.