मज्जारज्जूच्या दुखापतीवरचं औषध उंदरावर चालतं, मग माणसावर का नाही?

दोन जखमा सारख्या नसतात, हे मुख्य कारण. प्रयोगात उंदराला भूल देऊन, ठरावीक जोराचा आघात एका ठरलेल्या मणक्याजवळ करतात. औषध बहुतेक वेळा काही मिनिटांत किंवा तासाभरात दिलं जातं. अपघातातला माणूस दवाखान्यात पोहोचेपर्यंतच कितीतरी तास जातात, आणि तोवर सूज व रक्तपुरवठा तुटल्यामुळे होणारी दुसऱ्या टप्प्याची हानी सुरू झालेली असते.

शिवाय उंदराचा मज्जारज्जू जेमतेम तीन मिलिमीटर रुंद. चेतातंतूंना तिथे थोडंच अंतर वाढायचं असतं, माणसात कित्येक सेंटिमीटर. उंदराचं चालणंही मेंदूवर आपल्याइतकं अवलंबून नाही.

सुधारणा मोजायला १९९५ पासून बीबीबी ही ० ते २१ गुणांची पट्टी वापरतात. दोन निरीक्षक उंदराला मोकळ्या जागेत चार मिनिटं सोडून मागच्या पायांचे सांधे हलतात का, पंजा टेकतो का, ते बघतात. पण माणसाला चालण्याआधी हाताची पकड आणि लघवीवरचा ताबा परत हवा असतो. लघवीचा त्रास त्या उंदरांनाही असतोच. दिवसातून दोन-तीनदा हाताने पोट दाबून त्यांचं मूत्राशय रिकामं करावं लागतं. ही काळजी नीट घेतली नाही तर प्राण्याचे हाल होतात, आणि निष्कर्षही बिघडतात.