'बेमालूम' असताना 'निर्बाध' काऊन?

ताई, तुम्ही विचारलं की आपत्तीपटांवरच्या एका लेखात 'व्यावहारिक प्रभाव आणि संगणक ग्राफिक्सचं निर्बाध मिश्रण' असं वाचलं, हे मराठीत बरोबर आहे का. मला तर नाही वाटत, आणि सगळ्यात जास्त खटकतं ते 'निर्बाध', म्हणजे इंग्रजी 'सीमलेस'चं (जोड न दिसणारं) भाषांतर.

निर्बाध म्हणजे ज्याला अडथळा नाही असं. इथं अडथळ्याचा संबंधच नाही, प्रश्न एवढाच की जोड दिसतो का नाही दिसत, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे 'बेमालूम' आहे ना! फारसी 'बे' म्हणजे विना, अरबी 'मालूम' म्हणजे ठाऊक असलेलं, म्हणजे कोणाला कळणारच नाही असं. 'इल्म' आणि आपली 'तालीम' पण त्याच अरबी धातूतून आलेले. शिवाय आपण बेमालूम वेषांतर म्हणतो, बेमालूम थाप मारली म्हणतो, म्हणजे समोरच्याला फसवण्याची छटा शब्दात आधीच आहे, सिनेमाला अजून काय पाहिजे.

मला हा शब्द खरा समजला तो नागपूरच्या इतवारी बाजारात, बाबांचा कोट रफू करायला दिला तेव्हा. रफूगारानं बाहेरचा धागा लावलाच नाही, त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढून ते भोकावर विणले, म्हणून जोड बेमालूम झाला. सिनेमातही मला हेच दिसतं. 'टायटॅनिक' (१९९७) साठी मेक्सिकोत रोसारितोला जवळपास पूर्ण आकाराचं जहाज बांधलं होतं, पण लांबून दिसणाऱ्या जहाजावरची कितीतरी माणसं कॉम्प्युटरवरची आहेत, आणि गार पाण्यातल्या लोकांच्या तोंडातून निघणारी वाफ पण बऱ्याच ठिकाणी नंतर चढवलेली आहे. माणूस खरा, पाणी खरं, वाफ तेवढी खोटी, आणि पाहताना ते डोक्यातही येत नाही. यालाच मी बेमालूम म्हणीन.

पाण्याचं तर फारच अवघड असते. जहाज छोटं करता येते पण पाण्याचा थेंब छोटा होत नाही, म्हणून मॉडेलचं शूटिंग जास्त स्पीडनं करून मग हळू दाखवतात, म्हणजे पाणी मोठं आणि जड वाटते. १/१६ आकाराचं मॉडेल असलं तर साधारण चौपट (१६ चं वर्गमूळ) स्पीड, म्हणजे सेकंदाला २४ च्या जागी ९६ फ्रेम. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घरात शिरलेलं पाणी ज्यांनी पाहिलं त्यांना तर पडद्यावरचं स्वच्छ निळं पुराचं पाणी लगेच खटकते, खरं पाणी गढूळ असते आणि कचरा घेऊन येते.

आता 'व्यावहारिक'. 'व्यावहारिक प्रभाव' हे 'प्रॅक्टिकल इफेक्ट्स'चं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर खरंच घडवलेल्या करामतींचं, शब्दशः भाषांतर. इंग्रजी रंगभूमीवर 'प्रॅक्टिकल' म्हणजे नुसती दिखाऊ नाही तर खरंच चालणारी वस्तू, खरा उघडणारा दरवाजा, खरा पेटणारा दिवा. व्यवहाराशी त्याचं काही देणंघेणं नाही. 'प्रॅक्टिकल इफेक्ट्स' तसंच ठेवा नाहीतर सरळ 'सेटवरचे इफेक्ट्स' म्हणा. मी ते वाक्य असं लिहिलं असतं: 'सेटवरचे इफेक्ट्स आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स बेमालूम जोडलेत.'