जुगुलरच्या पोटातलं जू

एका वाचकाने विचारलंय: मुलगा रडला-खोकला की मानेत लिंबाएवढा फुगा येतो, शांत झाला की जातो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'इंटर्नल जुगुलर व्हेन फ्लेबेक्टेशिया' (मानेतली आतली शीर पसरणं) असं आलंय आणि घरी सगळे 'गळ्याची धमनी फुगली' म्हणतात. मराठीत नेमकं काय म्हणायचं?

धमनी तर मुळीच म्हणू नका! धमनी उडते, जबड्याखाली बोट टेकवलं की तिचे ठोके लागतात. ही शीर आहे, डोक्यातलं रक्त खाली हृदयाकडे आणणारी. संक्रांतीला मांजाने कुणाचा गळा चिरला की बातमीत शीर, नस, धमनी एकाच परिच्छेदात एकमेकींच्या जागी बसवलेल्या असतात. वाचताना जीव तुटतो. बोलीत हा घोळ नाही. आपण शिरा ताणून भांडतो, धमन्या ताणून नाही. भांडणाऱ्याच्या मानेवर तिरकी उठते ती बाहेरची जुगुलर. दम कोंडला की छातीतला दाब वाढतो, रक्त उतरायचं अडतं, शीर तट्ट भरते. या मुलाच्या बाबतीत आतली मोठी शीर नको तितकी पसरते, एवढंच. हे बहुतेकदा उजवीकडे होतं आणि सहसा निरुपद्रवी असतं. पायावरच्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरांना विश्वकोश 'अपस्फीत नीला' म्हणतो, पण इथे शीर वाकडी होत नाही. 'मानेची शीर फुगते' म्हणा, पुरे.

'नीला' म्हणजे शीर. ती निघालीच आहे तर एक सांगतो. सुश्रुताने गळ्यात 'नीला' नावाची दोन मर्मं (इजा झाली तर घातक ठरणाऱ्या जागा) सांगितली आहेत, म्हणून तीच जुगुलर, असं ठासून सांगणारे वैद्य भेटतात. नावावर भुललेत ते. तिथे इजा झाली तर सुश्रुत काय म्हणतो? वाचा जाते, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते. ही काय शीर तुटल्याची लक्षणं झाली? तत्काळ मृत्यू तो सांगतो 'सिरामातृकां'ना. मानेच्या दोन्ही बाजूंना चार-चार. जुगुलर शोधायची तर तिथे शोधा.

आता खरी गंमत. 'जुगुलर' हा शब्द गळा कापण्यावरून आला, असं सांगितलं जातं. साफ उलटं आहे. लॅटिनमध्ये 'युगुलुम' म्हणजे कॉलरबोन, आपली हासळी, आणि त्यावरून गळा. गळा कापण्याचं क्रियापद त्यावरून पुढे बनलं. आणि युगुलुम हे 'युगुम'चं लहान रूप, जसं आपलं पोळं-पोळी. युगुम म्हणजे जू! बैलाच्या मानेवरचं, शिवळा घातलेलं जू. संस्कृत युग, त्याचं झिजून मराठी जू, तिकडे लॅटिन युगुम, इंग्रजी योक, सगळी एकाच घरची भावंडं. जुवाला बैल बांधायचं जोतही 'योक्त्र'मधून आलेलं, म्हणजे त्याच 'युज्' धातूचं. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज असलेला शब्द रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टात असा जाऊन बसलाय, आणि आपण तो परका म्हणून बाजूला ठेवतो.

रोमन माणसाला हासळीत जू का दिसलं, ते आरशासमोर उभं राहून पाहा. छातीच्या हाडापासून खांद्यापर्यंत दोन्हीकडे आडवी गेलेली हाडं, मधे मान. आणि मुलाच्या मानेतली ती शीर उतरते कुठे? हासळीच्या आतल्या टोकामागे, हाताकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला मिळायला. अगदी जुवाखालून.