मुद्दाम पडका बांधलेला किल्ला अन् कळमेश्वरचं शेत

प्रश्न: मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो, तिथे केंब्रिजजवळ विम्पोल इस्टेटमध्ये पडका किल्ला पाहिला, एक बुरुज उभा अन् बाकी भिंती अर्ध्या. गाईड म्हणाली हा कधी पूर्ण नव्हताच, असाच बांधलाय. असं काहून करत असतील? आता आमचे हे कळमेश्वरच्या शेतात तसाच बांधायचा म्हणून राहिले. बांधावा का? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर: ताई, गाईडनं खरं सांगितलं. अठराव्या शतकात तिथल्या जमीनदारांना आपली बाग चित्रासारखी दिसायला हवी होती, वाड्याच्या खिडकीतून नजर लांब गेली की शेवटी काहीतरी जुनं, पडकं दिसावं, म्हणजे जागेला वय येतं. विम्पोलचे मालक लॉर्ड हार्डविक यांच्यासाठी सँडरसन मिलर या वास्तुरचनाकारानं 1749 च्या सुमारास याचं डिझाईन केलं, बांधकाम मात्र जवळपास वीस वर्षांनी झालं, बागा आखणाऱ्या कॅपेबिलिटी ब्राऊनच्या देखरेखीत. त्याआधी मिलरनं इंग्लंडातच हॅग्लीलाही असाच एक केला होता. मला हे काम मनापासून आवडतं, कारण दुरून काय दिसेल याचा इतका विचार आपण घर बांधतानाही करत नाही.

पण एक गोष्ट खटकते. विंडसरजवळ व्हर्जिनिया वॉटरला जे अवशेष आहेत ते लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना या खऱ्या रोमन शहरातून उचलून आणलेले खांब आहेत, 1820 च्या दशकात राजाच्या बागेत शोभेला लावले. म्हणून सांगते, नगरधनचा किल्ला असो की गावातली पडकी गढी, तिथला एकही दगड आणू नका, कोणी ट्रॅक्टरभर आणून देतो म्हटलं तरी नाही म्हणा. खाणीतला नवा काळा दगड घ्या, दोन-चार पावसाळ्यात तोही जुना दिसायला लागतो.

बांधा, जरूर बांधा, पण पडकी भिंत चांगल्या भिंतीपेक्षा जास्त सांभाळावी लागते हे त्यांना सांगा. वरून उघडी असते, पाणी सरळ सांध्यात मुरतं, त्यामुळे तुटलेल्या कडेवर बांधकामाच्या मसाल्याचा उतार द्यायचा, खालून दिसणार नाही असा. आपली काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या अन् इंजिनियरला दाखवल्याशिवाय सुरू करू नका. पिंपळाचं रोप दिसलं की लहान असतानाच मुळासकट काढायचं. अन् नातवंडं येणार असतील तर चढता येईल असा जिना ठेवूच नका.