आजीची साडी 'चरबी' का नाही?

सोन्या,

काल फोनवर तू म्हणालास, "आजी, तुझी साडी किती चरबी आहे!" आणि आजी पदर तोंडाला लावून हसत सुटली. फोन ठेवल्यावर तू फुगून विचारलंस, "डचमध्ये फेट म्हणजे मस्तच ना? मग मराठीत चरबी का नाही चालत? आणि भारी कसं चालतं?" मला रात्रपाळीला पळायचं होतं, म्हणून ही चिठ्ठी.

फेट म्हणजे मुळात चरबी, किंवा चरबीदार. इंग्रजीतल्या फॅटचा सख्खा भाऊ. पूर्वी ज्याच्या घरी चरबी, लोणी, त्याच्या घरी सुबत्ता. खालच्या मजल्यावरचे आजोबा पेन्शनचं नाव काढलं की 'हेट इस खेन फेटपॉट' म्हणतात ना? म्हणजे चरबीचं मडकं काही नाही हे, बेताचंच चाललंय. घसघशीत नफाही फेट, तुझ्या पुस्तकातली ठळक अक्षरंही फेट. तुम्हा पोरांनी तोच शब्द 'झकास'साठी उचलला. 'फेट कूल' म्हणता तेव्हा तर त्यात चरबी औषधालाही उरत नाही, नुसतं 'लय' उरतं. जर्मन मुलंही फेटच म्हणतात. पण 'त्याला त्याचं फेट मिळालं' असं कानावर आलं तर समज, स्वारी बोलणी खाऊन आलीय.

मराठीत मात्र चरबीच्या वाट्याला शिव्याच. 'अंगात चरबी चढलीय का?' असं आजी तुझ्या बाबांना ओरडायची. तेव्हा ते काडीपैलवान होते! उलट उत्तर दिलं की चरबी चढायची. चरबी म्हणजे माज. आपल्याकडे कौतुक तुपाचं. ज्याचं नशीब जोरावर, त्याची पाचही बोटं तुपात.

आणि भारी? भार म्हणजे वजन. कपाटातली माझी पैठणी एकदा दोन्ही हातांनी उचलून बघ. आजी 'भारी साडी' म्हणते ती महागातली, तू म्हणतोस ती मस्त. आजीच्या लहानपणी तुझा अर्थ घरात कुणी वापरत नसे म्हणे. आता तीच नातवंडांना 'भारी रे' म्हणते.

शनिवारी फोन केलास की 'साडी लय भारी' म्हण. आजी कोल्हापूरची आहे, 'खूप छान'ने तिचं समाधान होत नाही.

डब्यात पोळी आहे. तूप छोट्या डबीत वेगळं ठेवलंय, सांडू नकोस.

आई