हलक्या गाडीची पकड: आधी टायर, मग स्प्रिंग

प्रश्न: माझ्याकडे मध्यभागी इंजिन असलेली, सुमारे 750 किलो वजनाची दोन आसनी स्पोर्ट्स कार असून मी ती प्रामुख्याने ट्रॅकवर चालवतो. संथ वळणांत स्टीअरिंग पुरेसे वळवूनही गाडीचे नाक बाहेर ओढले जाते आणि अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की मागचा भाग एकदम बाहेर सुटतो. पुढे रुंद टायर, कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कमी झुकावी म्हणून डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारा दांडा) बसवावा, असा सल्ला मला मिळाला आहे. यांतले आधी काय करावे?

उत्तर: या तिन्ही गोष्टी सध्या बाजूला ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पुढचा बार जाड करण्याचा सल्ला तर आपल्या तक्रारीला बहुतेक वेळा उलटाच लागू पडतो. वळणात गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. परंतु टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमी वाढते. त्यामुळे बाहेरचा टायर जेवढे कमावतो त्यापेक्षा आतला अधिक गमावतो आणि त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढच्या किंवा मागच्या, ज्या जोडीचा बार कडक, त्या जोडीत ही सरकासरक जास्त, म्हणून पुढे जाड बार बसवल्यास नाक आणखी बाहेर जाण्याचीच शक्यता अधिक. गाडी फार झुकल्यामुळे पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा उभ्या रेषेशी असलेला कल) बिघडत असेल, तर मात्र बार कडक केल्याने फायदा होऊ शकतो. पण तो निर्णय मोजमाप घेतल्यानंतरचा आहे.

रुंद टायरबाबतही घाई नको. ट्रॅकसाठी बनवलेले रबर पुरेसे तापल्याशिवाय खरी पकड देत नाही आणि हलक्या गाडीला ते तापवण्याइतका भार रुंद टायरवर टाकता येत नाही. सन 1996 मध्ये आलेल्या पहिल्या लोटस एलिसचे उदाहरण पाहावे: सुमारे 725 किलोच्या त्या गाडीला पुढे केवळ 185 मिलिमीटर रुंदीचे टायर होते, तरीही तिच्या वळणांतील चपळाईची आजही वाखाणणी होते. रुंदी वाढवण्याऐवजी त्याच मापात मऊ रबराचा टायर घेतल्यास आपल्यासारख्या गाडीला बहुधा अधिक लाभ होईल. शिवाय जड चाक आणि जड टायर सस्पेन्शनला खडबडीत जागी आवरत नाहीत, हा तोटा हलक्या गाडीत अधिकच जाणवतो.

आता मूळ कामाकडे वळू या. पहिली बाब हवेच्या दाबाची. टायरमधील हवा साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने तापली, की दाब सुमारे 1 पीएसआयने वाढतो. म्हणून सकाळी थंड टायरमध्ये भरलेला आकडा काही लॅपनंतर बराच बदललेला असतो आणि महत्त्व त्या गरम आकड्यालाच असते. जड गाड्यांसाठी सांगितलेले दाब आपल्या गाडीसाठी बहुधा जास्त ठरतात, कारण त्यांत टायर मध्यभागी फुगून केवळ अरुंद पट्ट्यावर उभा राहतो. टायर उत्पादकाच्या किमान मर्यादेखाली न जाता, प्रत्येक फेरीनंतर थोडा दाब कमी करत त्याचा परिणाम पाहावा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथे, खडूने आडव्या रेघा ओढून ठेवल्या, तर फेरीनंतर खडू कुठपर्यंत पुसला गेला ते दिसते. तो भिंतीवर खूप खालपर्यंत पुसला गेला असेल, तर दाब कमी पडतो आहे. कडेपर्यंत पोचलाच नसेल, तर तो जास्त आहे.

दुसरी बाब कॅम्बरची, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथेच दिसते. रस्त्यावर चालणाऱ्या अनेक गाड्यांना कारखान्यातून पुढे मुद्दामच कमी निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) दिलेला असतो, कारण सर्वसाधारण चालकाला नाक सुटणे हे शेपूट सुटण्यापेक्षा सावरायला सोपे जाते. परिणामी ट्रॅकवरच्या वेगात पुढचा बाहेरचा टायर आपल्या खांद्यावर लोळतो. फेरी संपताच, पिटमध्ये आल्यावर लगेच, सुईच्या तापमापकाने टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचे तापमान घ्यावे. बाहेरचा भाग आतल्यापेक्षा अधिक गरम असेल, तर पुढे निगेटिव्ह कॅम्बर वाढवण्याची गरज आहे. आतला भाग बाहेरच्यापेक्षा थोडा गरम राहिला, तर ठीक समजावे. कॅम्बर बदलला, की टो (वरून पाहिल्यास चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणे) देखील बदलतो. तो पुन्हा बसवून घेतल्याशिवाय गाडी ट्रॅकवर नेऊ नये.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग का सुटतो? त्या क्षणी भार पुढे सरकतो आणि ज्या मागच्या टायरांना सर्वाधिक बाजूची पकड हवी असते, त्यांवरचाच भार कमी होतो; इंजिन मध्यभागी असल्यामुळे गाडी स्वतःभोवती लवकर फिरते, हीच तिची चपळाई इथे अडचण ठरते. मागच्या चाकांना थोडा टो-इन (पुढची कड आत वळलेली) असावा आणि तेथील बुशेस (सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी भाग) झिजलेल्या नसाव्यात, कारण झिजलेल्या बुशमुळे भार बदलताच टो बदलतो आणि चालकाला गाडीवर भरवसा ठेवता येत नाही. सवयीतही बदल हवा: वळणात शिरताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडत गेल्यास पुढच्या टायरांवर भार टिकतो आणि नाक वळते, मध्यावर नाक सुटलेच, तर अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने सोडण्याऐवजी किंचित कमी करून स्टीअरिंग थोडे सैल करावे. हे सर्व साधल्यानंतरही नाक सुटत असेल, तर पुढचा बार मऊ करून पाहावा. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी. दोन बदल एकत्र केल्यास कशाचा परिणाम झाला ते कधीच कळत नाही.

प्रश्न: मागे मोठा विंग बसवल्यास पकड वाढेल का?

उत्तर: वाढेल, पण केवळ वेगात. विंगमुळे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत बदलतो, म्हणजे ताशी 60 किलोमीटरच्या तुलनेत 120 वर तो चौपट असतो. संथ वळणांत त्याचा उपयोग नगण्य राहील. हलक्या गाडीत ही शक्ती वजनाच्या तुलनेत मोठी ठरते, त्यामुळे केवळ मागे विंग लावल्यास वेगवान वळणांत पुढचा भाग तुलनेने कमकुवत होतो आणि नाक सुटू लागते. विंग लावायचाच असेल, तर पुढे त्याला जुळणारा स्प्लिटरही (पुढच्या बंपरखाली बाहेर आलेली आडवी पट्टी) लावावा आणि त्यानंतर टायरचे तापमान पुन्हा तपासावे.